बिननावाचं इंजिन

थेक्लाने कळ दाबली, बॉनेट आपसूक वर गेलं आणि ती आत वाकली. दोन्ही हात तिने मुद्दाम पाठीशी बांधले होते. आधी फक्त बघायचं, हात लावायचा नाही, हे सायकलवरून येतानाच ठरलं होतं. सिलिंडरांच्या दोन ओळींच्या मधोमध, जिथे इंजिन बांधणाऱ्याच्या सहीची पाटी असते, तिथे काहीच नव्हतं. नुसतं काळं, गुळगुळीत झाकण. त्यात तिला स्वतःचंच नाक दिसलं.

तिने खिशातलं मऊ फडकं काढून ती जागा पुसली, जणू धुळीखालून अक्षरं उगवणार होती. मग शेजारच्या गाडीचं बॉनेट उघडलं. तिथे पाटी होती, वीतभर लांब, आणि तिच्यावर एर्विन लांगची कोंबडीने उकरल्यासारखी सही. पलीकडच्या गाडीतही पाटी होती. ती परत आली.

“हेर श्टॉल, हिची पाटी पडलीय.”

तयार गाड्या गिऱ्हाइकांच्या ताब्यात देण्याचं हे दालन, आणि श्टॉल त्याचे प्रमुख. चौसष्ट वर्षांचे, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, गळ्यात दोरीला चष्मा. ते फाइलमधून वर न बघता म्हणाले, “पडत नाही ती. चार स्क्रू असतात.”

“मग स्क्रूही गेलेत. भोकंसुद्धा गेलीत.”

तेव्हा श्टॉलनी चष्मा डोळ्यांवर चढवला. गाडीपाशी आले, बघितलं, परत टेबलाकडे गेले आणि खरेदीपत्राचं तिसरं पान काढलं.

“रकाना चौदा,” त्यांनी वाचलं. “‘अक्षरं कुठेही नकोत. बाहेर नकोत, आतही नकोत.’ स्वतःच्या हाताने लिहिलंय बाईंनी. खाली दोन रेघा मारल्यात.”

“पण आत कोण बघतं?”

“ते मला विचारू नकोस. मी फक्त रकाने वाचतो.”

बाहेरची अक्षरं काढून घेणं आमच्या खोऱ्यात काही नवीन नाही. आयबेर्ले कंपनीची ‘आठ’ ही गाडी घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक मागच्या डिकीवरचा आकडा उतरवायला सांगतात. सहाशे वीस अश्वशक्तीची गाडी शेजाऱ्याला साधी दिसली पाहिजे. पगारवाढ मागणाऱ्या कामगारांना तर ती अगदीच साधी दिसली पाहिजे. पण आतल्या पाटीला आजवर कोणी हात लावला नव्हता. ती पाटी म्हणजे या कारखान्याची रीत. एक माणूस एक इंजिन बांधतो, पहिल्या बोल्टपासून शेवटच्यापर्यंत, आणि त्यावर सही करतो.

आणि या गाडीचं इंजिन थेक्लाच्या आईने बांधलं होतं. एकटीने बांधलेलं तिचं पहिलं.

थेक्ला सोळा वर्षांची होती. शाळेने दहावीच्या मुलांना दोन आठवडे कामाचा अनुभव घ्यायला पाठवलं होतं. बाकीची मुलं दवाखान्यांत आणि बँकांत गेली, थेक्लाने आयबेर्ले मागितलं आणि तिला ते मिळालं. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात प्रश्न विचारला की ती बाकाशी बोलायची. या वर्षी कसं कोण जाणे, तिचा आवाज सापडला होता आणि आता तो ठेवायला तिला जागा पुरत नव्हती. गेल्या शुक्रवारी तिने वर्गातल्या सव्वीसच्या सव्वीस जणांना सांगितलं होतं, की येत्या गुरुवारी तीनशे पाचच्या वेगाने धावणारी एक गाडी माझ्या आईचं नाव पोटात घेऊन बाहेर पडणार आहे.

आज गुरुवार होता.

*

सकाळी नऊला कारखान्यात न्याहारीची सुट्टी होते. थेक्ला अंगण ओलांडून इंजिनांच्या दालनात गेली तेव्हा तिची आई, हाइके क्राउटर, खिडकीखालच्या बाकावर बसून पावाला यकृताचं सॉसेज फासत होती. शेजारी एर्विन लांग मुळा चावत होता. या दालनात इंजिन बांधणारे चौदा जण. तेरा पुरुष आणि हाइके.

“आई, पाटी नाहीये!”

“हळू. इथे सगळ्यांना ऐकू येतं.”

“तिने लिहिलंय आतही नाव नको. मुद्दाम! दोन रेघा मारून!”

“माहीत आहे,” आई म्हणाली आणि चाकू पुसून मिटला.

थेक्लाचं तोंड उघडंच राहिलं. एर्विनने मुळ्याचा देठ तिच्याकडे रोखला.

“तुझ्या आईला सगळं माहीत होतं, पोरी. ते फळ्यावरचं कार्ड आहे ना, नव्या कामाचं, ते एकोणीस दिवस तसंच लटकत होतं. आम्ही सगळे त्याला वळसा घालून पुढचं कार्ड घ्यायचो. सही नाही तर बांधायचं कशाला? मी हिला म्हटलंसुद्धा, बिननावाचं पोर कशाला पदरात घेतेस.”

“आणि मी काय म्हटलं तेही सांग.”

“म्हणाली, नाव नसलं तरी पोराला भूक असतेच.” एर्विन हसला. “त्यावर काय बोलणार? मी मुळा खाल्ला.”

“तू मला का नाही सांगितलंस?” थेक्लाचा आवाज आता खरंच हळू झाला होता.

“तू विचारलंस कुठे? पाटी कधी लावणार, सही कशी करणार, हे दहा वेळा विचारलंस. इंजिन कसं झालंय, हे एकदाही विचारलं नाहीस.”

थेक्ला बाकाच्या कडेवर बसली. आईने अर्धा पाव तिच्यापुढे सरकवला.

“सहा वर्षं मी नुसती झडपा बसवत होते,” आई म्हणाली. “सातव्या वर्षी शिकले. मग चार महिने माझ्या वाट्याला कार्डच येईना. जुन्यांचा पहिला हक्क, ते ठीकच आहे. हे कार्ड कोणाला नको होतं, म्हणून मला मिळालं. नाव असतं तर एर्विनने घेतलं असतं.”

“घेतलंच असतं,” एर्विन म्हणाला.

“मग कसं झालंय?” थेक्लाने विचारलं. “इंजिन?”

आईने खिडकीबाहेर बघत थोडा विचार केला. “मला तरी काही खटकलं नाही.”

मग तिने थेक्लाची हनुवटी धरली, सोडली आणि बोट दाखवलं. “आता ऐक. दहा वाजता ती बाई येईल. गाडीची माहिती तू सांगणार आहेस, ती नीट सांग. पण माझं नाव काढायचं नाही. माझी मुलगी आहेस हेही नाही. कोणाला दया येऊन मिळालेली सही मला नको आहे. वचन दे.”

“आई...”

“वचन.”

“दिलं,” थेक्ला म्हणाली. पाव मात्र तिने तसाच ठेवला.

*

गाइगरबाई बसने आल्या. हेर श्टॉल काचेच्या दारात टाय सारखा करत उभे होते, आणि थांब्यावरून हातात कापडी पिशवी घेतलेली, करड्या कोटातली एक ठेंगणी म्हातारी रस्ता ओलांडून सरळ त्यांच्या अंगावर आली. सुया आणि पिना बनवणाऱ्या तीनशे माणसांच्या कारखान्याची ही मालकीण.

“टॅक्सी पाठवली असती, फ्राउ गाइगर.”

“अडतीस युरो घेतो तो. बसला चार लागले. आणि जाताना गाडी आहेच.” त्यांनी थेक्लाकडे पाहिलं. “ही कोण?”

“थेक्ला. शाळेतून आलीय. आज तीच तुम्हाला गाडी समजावून सांगणार.”

“मला समजावणार? बघू.”

थेक्ला गाडीशेजारी उभी राहिली. गाडी गडद निळी, जवळजवळ काळीच होती. पुढून पाद्रीसाहेबांची वाटावी इतकी सभ्य. मागे ना आकडा, ना नाव. चार दिवस तिने बाथरूमच्या आरशासमोर जे पाठ केलं होतं ते तिने सुरू केलं, आणि पहिल्या तीन वाक्यांनंतर पाठांतर कुठच्या कुठे गेलं. ती नुसती सांगत सुटली.

“सगळं सुरू झालं अग्निशमन दलाच्या पंपापासून. गोटलीब आयबेर्ले पंप दुरुस्त करायचे. गावच्या डॉक्टरांची मोठी, शांत, काळी गाडी होती, पण डोंगर चढताना ती धापा टाकायची. दोन बाळंतपणांना डॉक्टर पोचले तेव्हा बाळं आधीच जन्मून झोपीही गेली होती. मग आयबेर्लेंनी त्या गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. बाहेरून काहीच बदललं नाही, एक रेघसुद्धा नाही. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत डॉक्टर बर्फातून अकरा मिनिटांत वरच्या वाडीत पोचले. बाळ आडवं होतं. पण वाचलं.”

“आणि ते बाळ म्हणजे हे,” गाइगरबाई श्टॉलकडे न बघता म्हणाल्या. “खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. पुढे बोल.”

श्टॉलनी चष्मा पुसायला घेतला.

“आजची गाडी चार लिटरची,” थेक्ला म्हणाली. “आठ सिलिंडर, दोन टर्बो, सहाशे वीस अश्वशक्ती. वजन दोन टन. शून्यापासून शंभर साडेतीन सेकंदांत. कमाल वेग तीनशे पाच. इंजिन आधी चाळीस तास इथे कारखान्यात चालवतात. मग आमचा चालक गाडी दीड हजार किलोमीटर फिरवून आणतो, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून पाय दाबता येतो. चारही चाकांना जोर मिळतो, आणि तरी आतल्या माणसाच्या कपातली कॉफी...”

“मी गाडीत कॉफी पीत नाही. किंमत?”

“एक लाख अडुसष्ट हजार चारशे युरो.”

“ते मला माहीत आहे, मीच दिलेत. एकाहत्तर साली किती होती?”

थेक्लाने श्टॉलकडे बघितलंही नाही. “अठ्ठेचाळीस हजार मार्क. त्या वर्षी नदीकाठचं चार खोल्यांचं घर साठ हजारांना मिळायचं.”

“अरेच्चा,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. “आणि डिकीवरचा आकडा काढायचे किती घेतलेत?”

“काही नाही. ते फुकट.”

“फुकट कसं? तुमचा आकडा वाचला. मग माझे पैसे कमी व्हायला नकोत?”

“मी... तसा रकाना नाहीये,” थेक्ला म्हणाली, आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

मग बॉनेट उघडणं आलं. थेक्लाने ते उघडलं आणि झाकणाकडे न बघता टर्बोबद्दल बोलायला लागली. गाइगरबाईंनी मात्र नेमकं त्या रिकाम्या जागेवरच बोट टेकवलं.

“केलंत तर. मला वाटलं विसराल.”

थेक्लाने दातांखाली जीभ धरली. वचन नावाबद्दल होतं. प्रश्नाबद्दल नव्हतं.

“आतलं नाव का नको होतं तुम्हाला?”

“थेक्ला!” श्टॉल म्हणाले.

“विचारू दे. एक लाख अडुसष्ट हजारांत एक प्रश्न बसतो.” बाईंनी कोटाची गुंडी काढली. “माझ्या यजमानांनी, ऑयगेनने, एकाहत्तर साली पहिली ‘आठ’ घेतली. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. आत पाटी होती, विल्हेल्म ड्यूर. विल्हेल्मची बायको लोरं, माझी पहिलीपासूनची मैत्रीण. आम्ही एकाच बाकावर बसायचो. तर दोन महिन्यांनी गाडीखाली तेलाचा एक थेंब दिसला. एक थेंब हं, एवढासा. दुसरा कोणी असता तर कारखान्यात फोन करता. ऑयगेनकडे नाव होतं! तो रविवारी चर्चच्या पायरीवर उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर ओरडला, विल्हेल्म, तुझं इंजिन गळतंय! विल्हेल्म म्हणाला, इंजिन नाही, तुझं डोकं गळतंय. झालं. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आणि अकरा वर्षं लोरं आणि मी मागच्या दाराने, भाजीच्या वाफ्यातून लपतछपत भेटलो. लग्नं, वाढदिवस, बाप्तिस्मे, सगळं वेगवेगळं.”

“आणि तेल?” थेक्लाने विचारलं.

“कागदाची चकती होती. तीस फेनिगची, मार्कभरसुद्धा नाही.” बाई पुन्हा इंजिनकडे वळल्या. “या खोऱ्यात कोणाचं नाव कळलं की तो कोणाचा तरी भाऊ निघतो. माझं आता चौऱ्याहत्तर चालू आहे. नवं भांडण परवडत नाही. म्हणून नाव नको.”

सकाळपासून मनातल्या मनात थेक्ला या बाईशी कडाकडा भांडत आली होती, आणि आता भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं.

*

पहिल्या फेरीला कारखान्याचं कोणीतरी शेजारी बसायचं, असा नियम आहे. श्टॉल पुढे झाले.

“तुम्ही नको,” बाई म्हणाल्या. “मागच्या गाडीच्या वेळी तुमचा रंग ताकासारखा झाला होता. पोरगी चालेल. बस गं.”

थेक्ला बसली. ‘आठ’मध्ये बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. तशी तिच्या आईचीही कधी आली नव्हती. इंजिनांच्या दालनातल्या चौदा जणांपैकी एकही जण ‘आठ’मध्ये बसून कुठे गेलेला नव्हता. बांधणारे बांधतात, बसणारे बसतात.

गावातून गाडी अगदी सोवळ्यात चालावी तशी चालली. शाळेसमोर तीसच्या वेगाने जाताना थेक्लाने मान उंच केली, पण वर्ग रिकामा होता, सगळी आपापल्या दवाखान्यांत आणि बँकांत होती. मग पूल, गोल चौक, महामार्गाचा चढ. गाइगरबाईंनी आरशात पाहिलं, चष्मा नाकावर दाबला आणि म्हणाल्या, “हं.”

साडेतीन सेकंद म्हणजे किती, हे थेक्ला चार दिवस लोकांना सांगत होती. आता तिला कळलं की आपण नुसता आकडा सांगत होतो. कोणीतरी तिच्या छातीवर पंजा ठेवून तिला खुर्चीत रोवलं. पोट मागे पुलापाशीच राहिलं. आणि खालून एक आवाज आला. मोठा नव्हे. ऑर्गनची सगळ्यात जाडी नळी वाजते तेव्हा कानाआधी बाकाच्या लाकडाला कळतं, तसा. शंभर, एकशे साठ, दोनशे दहा. वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंची सफरचंदाची झाडं एकमेकांत मिसळून हिरवी भिंत झाली. दोनशे सत्तरला बाईंनी पाय स्थिर केला. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात मांजरीच्या पाठीवर ठेवावेत तसे होते.

थेक्लाने उजवा तळवा समोरच्या पटलावर टेकला. डोळे मिटले. आई संध्याकाळी भांडी घासताना सिलिंडर पेटण्याचा क्रम गुणगुणायची, एक, पाच, चार, आठ, आणि थेक्ला वैतागून म्हणायची, आई, गाणं म्हण की एखादं. आत्ता तिच्या तळव्याखाली न चुकता तोच क्रम चालला होता. एकही ठोका मागे पडत नव्हता, पुढे धावत नव्हता. आठही जण एका मापाने. तिला हसू येत होतं.

“घाबरलीस?”

“नाही.”

“मग डोळे का मिटलेस?”

“ऐकतेय.”

बाईंनी वेग हळूहळू उतरवला. एकशे तीसवर आल्यावर उजव्या रांगेत, मालमोटारींच्या मागे, निमूट चालू लागल्या.

“माझा मुलगा चर्चमध्ये पहिल्यांदा तुतारी वाजवत होता,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी पहिल्या बाकावर अशीच बसले होते. हात पुढे, डोळे बंद, श्वास बंद. कुठे चुकतोय का, याची वाट बघत. तो चुकला नाही.” त्यांनी हनुवटीने बॉनेटकडे खूण केली. “कोणी बांधलंय हे?”

“नाही सांगता येत. तुम्हीच लिहिलंय, नाव नको.”

“ते कागदावर. आता तोंडाने विचारतेय.”

“मी वचन दिलंय.”

“कोणाला?”

थेक्लाने ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर एक मालमोटार आणि तिच्यावर डुकरांचं चित्र होतं. ते तिने फार लक्षपूर्वक बघितलं.

“पाळ, वचन पाळ. चांगलंच आहे,” बाई म्हणाल्या. “मी आपली स्वतःशी बोलते. काका असेल?”

थेक्ला गप्प.

“वडील?”

थेक्ला गप्प.

“आई?”

थेक्ला गप्पच होती. पण तिचे कान आधी गुलाबी झाले, मग पिकल्या टोमॅटोसारखे, आणि केस सोडून ते झाकावेत एवढंही तिला सुचलं नाही.

“असं,” गाइगरबाई म्हणाल्या आणि पुढच्या फाट्याला गाडी वळवली.

*

“दोनशे चाळीस?” गाइगरबाईंचा आवाज दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. “एका पाटीचे दोनशे चाळीस?”

“पाटीचे नाहीत, फ्राउ गाइगर. ताबा घेताना खरेदीपत्रात बदल केला तर दोनशे चाळीस. झाकण बदलावं लागेल, नोंद बदलावी लागेल...”

“काढायला फुकट, लावायला दोनशे चाळीस. हेर श्टॉल, उगाच पोचले ते डॉक्टर अकरा मिनिटांत.”

“नियम आहे,” श्टॉल म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण ते हलले नाहीत.

थेक्ला भिंतीशी उभी होती. आमच्या खोऱ्यातली माणसं लाखाची वस्तू घेताना डोळा मिटून सही करतात आणि वरच्या दोनशेसाठी रात्रभर जागतात, हे तिला माहीत होतं. बाईंनी पिशवी उघडली, बंद केली. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

“लावा बिलात,” त्या म्हणाल्या. “आणि तिला बोलवा.”

हाइके क्राउटर आली ती राखाडी कपड्यांतच. हात धुतलेले, बाह्या अजून वर दुमडलेल्या. मागे एर्विन नवं झाकण दोन्ही हातांवर घेऊन आला, त्यावर कोरी पाटी. तो ते टेबलावर ठेवून जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण तो गेला नाही.

“मी काहीच बोलले नाही,” थेक्ला घाईघाईने म्हणाली.

“खरं आहे,” गाइगरबाई म्हणाल्या. “पोरगी शब्दाची पक्की आहे. कानांनी घात केला.”

हाइकेने मुलीकडे एकदा पाहिलं. रागाने की कसं, ते थेक्लाला कळलं नाही. मग ती बाईंकडे वळली.

“रकाना चौदामध्ये नाव नको असं आहे, फ्राउ गाइगर. माझ्या मुलीमुळे तुम्ही...”

“तुमच्या मुलीमुळे मी काही दोनशे चाळीस युरो घालवत नाही. स्वतःच्या मुलीवरसुद्धा घातले नसते.”

“मग का?”

बाईंनी खांदे उडवले. “तक्रार नाही म्हणून.”

श्टॉलनी चष्मा काढून हातात धरला. एर्विन, जो तेवीस वर्षं इंजिनं बांधत होता, आपल्या बुटांकडे बघायला लागला. आमच्याकडे कौतुकाची बोली नाही. शिव्या मिळाल्या नाहीत म्हणजे शाबासकी मिळाली, असं लहानपणापासून शिकवतात. त्यातही हे दोन शब्द गिऱ्हाइकाने पैसे देऊन झाल्यावर म्हणणं... थेक्लाने आईचे हात पाहिले. धुऊन कोरडे झालेले हात आई पुन्हा पुन्हा पँटला पुसत होती.

श्टॉलनी कोरणी पुढे केली. हाइकेने ती घेतली नाही.

“आणि उद्या तेल गळलं तर?”

“तर शिव्या घालीन,” गाइगरबाई म्हणाल्या. “नावानिशी. चारचौघांत. त्याला माझा इलाज नाही, आमच्या घराची रीतच तशी आहे.”

“घालाल?”

“सोडणार नाही.”

हाइकेने बॉनेट उघडलं आणि ती इंजिनकडे बघत राहिली. वरपासून खालपर्यंत, एकेक नळी, एकेक जोड, जणू पुन्हा एकदा सगळे बोल्ट मोजत होती. मग तिने कोरणी घेतली, टेबलावर कोपर टेकलं आणि लिहायला लागली. झोकदार सही नव्हती ती. शाळेत घालतात तशी गोल, सुटी अक्षरं, आधी नाव, मग आडनाव, दोन्ही पूर्ण. धातूवर कोरणीचा बारीक करकर आवाज येत होता. थेक्लाला वर्गातली सव्वीस डोकी आठवलीच नाहीत.

शेवटचं अक्षर झाल्यावर हाइकेने पाटीवर फुंकर मारली आणि झाकण एर्विनच्या हातात दिलं.

“मी चर्चमध्ये फारशी नसते,” ती गाइगरबाईंना म्हणाली. “शनिवारी सकाळी बाजारात असते. साडेआठला. अंडीवाल्याच्या गाडीपाशी.”

“साडेआठ,” गाइगरबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून डायरी काढून त्यांनी ते लिहून घेतलं.